घर उघडं असल्याची नोंद

लालबागच्या ज्या चाळीत मी वाढले, तिथेच आमच्या सामाजिक संस्थेने मला कामाला पाठवलं तेव्हा मला स्वर्ग दोन बोटं उरला होता. चाळीचा पुनर्विकास व्हायचा होता. पात्र कोण, अपात्र कोण हे बाहेरच्यांनी ठरवण्याआधी रहिवाशांनी आपली माहिती आपणच गोळा करावी, मिळून तपासावी आणि मग पुढे द्यावी, हे मी शिकवायचं. माहिती तुमची आहे, दडवू नका, असं मी इतक्यांदा म्हटलंय की आता आठवलं तरी कानशिलं तापतात.

कुणी दडवू नये म्हणून मी एक शहाणपणा केला. रविवारी सकाळी मजल्यावरच्या सगळ्यांना गॅलरीत बसवायचं, एकेका खोलीची माहिती मोठ्याने विचारायची आणि तक्त्यावर लिहून तो जिन्यापाशी लावायचा. तक्त्यातला एक रकाना खास माझा होता: गावी घर आहे का, तिथे वर्षातून किती महिने राहता. गावी गेलेल्यांची खोली बंद दिसली म्हणून कुणी त्यांना वगळू नये, एवढाच हेतू.

आमचा मजला सगळा कोकणातला. या माणसांना दहा बाय बाराच्या खोलीची लाज वाटत नाही, पण गावच्या घराला कुलूप आहे हे चारचौघांत सांगायची वाटते. कुलूप म्हणजे देवापुढे दिवा लावायला कुणी उरलं नाही. हे मला ठाऊक होतं. माझ्या वडिलांनीही आमचं घर बंद असल्याचं शेवटपर्यंत कुणाला कळू दिलं नाही. तरी मी विचारलं, आणि तेही सगळ्यांसमोर. एकेक जण चार महिने, पाच महिने सांगत गेला.

शेजारच्या काकी एकट्या. काका गिरणीत होते. ते गेल्यावर खोली काकींच्या नावावर झाली. मूलबाळ नाही. त्यांची पाळी आली तेव्हा त्या पदर सावरून म्हणाल्या, "लिही गो, सहा म्हयने गावाक आसतंय. माझ्या घराक कुलूप नाय."

काकी गणपतीचे पंधरा दिवस सोडले तर बाराही महिने माझ्या डोळ्यांसमोर असायच्या. पण सांगणाऱ्याच्या शब्दांत लिहायचं, असा आमचा नियम. मी सहा लिहिलं, त्यांनी खाली सही केली.

चाळीच्या समितीने तक्त्याची प्रत विश्वासाने पात्रता ठरवणाऱ्या कचेरीत दिली. आम्ही काही लपवत नाही, हे दिसावं म्हणून. करायला गेलो गणपती अन् झाला मारुती. पात्र-अपात्रांची यादी लागली तेव्हा काकी अपात्र: खोलीत कायम वास्तव्य नाही, गावी राहतं घर आहे. बाकीच्यांचं निभावलं, कारण त्यांच्या खोल्यांत मुलं, सुना, शाळेत जाणारी नातवंडं होती. काकींचं वीजबिलही एकट्या बाईचं, नखाएवढं. तेही त्यांच्याच विरुद्ध गेलं.

हरकत घेतल्यावर सुनावणीला मी त्यांना घेऊन गेले. वाटेत शंभरदा सांगितलं, काकी, खरं काय ते सांगा, नाहीतर खोली जाईल. आत मागच्या बाकांवर आमच्याच मजल्यावरची माणसं आपापल्या कामासाठी बसली होती. काकींनी एकदा वळून त्यांच्याकडे पाहिलं.

मग त्या मोठ्याने म्हणाल्या, "घर पडला, सायब. तीन पावसाळे झाले. आता थंय काय नाय."

साहेब माणूस वाईट नव्हता. त्याने आमचा तक्ता काढला, सहीवर बोट ठेवलं आणि म्हणाला, आजी, यादी लागल्यावर सगळ्यांचीच गावची घरं पडतात. मी उठून सांगितलं की हे अक्षर माझं आहे, काकी बाराही महिने इथेच असतात हे मला माहीत होतं. माहीत होतं तर मग तसं लिहिलं का, असं त्याने विचारलं. अपात्रता कायम राहिली.

बाहेर आल्यावर काकींनी मला शिव्या घालाव्यात असं फार वाटत होतं. त्या फुटपाथवर थांबल्या, चप्पल नीट केली आणि अगदी साध्या आवाजात विचारलं, "घर पडला, ह्या पण आता जिन्यापाशी लावतलंस?"