भोईरमामांच्या शेताचं विरजण

मायक्रोबायॉलॉजी शिकवणाऱ्या माणसाकडे किस्से आपोआप जमा होतात. अडचण एवढीच, की माझ्या बहुतेक किश्श्यांत मूर्ख मीच निघतो. म्हणून दुसऱ्या कुणी सांगण्याआधी मीच सांगून टाकतो.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आमची बोरिवलीची सोसायटी नवीकोरी होती. आधी तिथे भातशेती होती. बिल्डरने तिच्यावर पुरुषभर उंचीचा भराव टाकला, म्हणजे विटांचे तुकडे, मुरूम आणि सिमेंटचा राडा. शेत ज्यांचं होतं ते भोईरमामा आता सोसायटीचा पंप चालवायचे. चेअरमनपासून सगळ्यांना ते अरेतुरेच करायचे.

पहिल्याच जनरल बॉडीत मी लॉनची जबाबदारी अंगावर घेतली, वर भाषणही ठोकलं. "चमचाभर मातीत अख्ख्या मुंबईपेक्षा मोठी वस्ती असते," या वाक्याला टाळ्या पडल्या. महिन्याभरात लॉन वाळून कोळ झालं. चेअरमन जिन्यात भेटले. म्हणाले, "सर, तुमची वस्ती गावाला गेली वाटतं."

*

मग लॉनची माती मी तपासायला नेली, बायकोच्या टिफिनमधून. अंधेरीला आमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये प्लेटा लावल्या. तीन दिवसांनी प्लेट जिवाणूंच्या ठिपक्यांनी भरायला हवी होती. ठिपके होते पाच.

लॅब अटेंडंट सावंतांवर मी घसरलो. प्लेटमधलं मीडियम, म्हणजे जिवाणूंचं खाद्य, तुम्हीच बिघडवलंत, म्हणालो. कॉलेजमागच्या चिंचेखालची चिमूटभर माती आणून सावंतांनी त्याच मीडियमवर लावली. प्लेट गच्च भरली.

"मीडियम झकास आहे, सर. वाट लागलीय ती तुमच्या सोसायटीची."

तो टिफिन अजून माझ्याकडेच आहे. बायको त्याला हात लावत नाही.

*

मी हार मानली नाही. आरे कॉलनीतल्या म्हशींच्या गोठ्यांमागून पिशवीभर गांडुळं आणली आणि संध्याकाळी लॉनवर सोडली. सकाळी त्यातली निम्मी जिन्यात होती आणि सेक्रेटरीबाई चपला हातात घेऊन वरच्या पायरीवर उभ्या होत्या.

भोईरमामांनी एक गांडूळ तळहातावर घेऊन नीट पाहिलं. "मास्तर, तू फ्लॅट घेतलास, फसलास. ही हुशार हायेत."

*

एवढं होऊनही भोईरमामांनी एक दिवस माझ्या हातात तुपाचा जुना डबा दिला. आत काळी माती होती.

"ट्रक यायच्या आदल्या दिवशी काढून ठेवली होती. बाकी सगळी तुमच्या बिल्डिंगखाली. थोरल्या पोरानं पालघरकडे जमीन घेतलीय, नुसती रेताड. तिच्यात ही मिसळायची, विरजणासारखी. जिवंत हाय का तेवढं बघून दे."

मी डबा लॅबमध्ये ठेवला आणि परीक्षेच्या गडबडीत लेबल लावायला विसरलो. लेबल नसलेली माती ऑटोक्लेव्हमध्ये जाईल, असा कागद लॅबच्या दारावर होता. अक्षर माझंच. ऑटोक्लेव्ह म्हणजे आमचा मोठा प्रेशर कुकर, त्यातून काहीही जिवंत बाहेर येत नाही.

सोमवारी सावंतांनी डबा माझ्या हातात दिला. तो अजून कोमट होता. "तुमचा निघाला होय? निर्जंतुक करून ठेवलाय, सर."

मला त्या डब्याकडे बघवेना. पिढ्यान्‌पिढ्या कसलेल्या शेतातलं जे उरलं होतं, ते मी शिजवलं होतं. खरं सांगायचं धाडस झालं नाही, याची आजही लाज वाटते. मी आरेला गेलो, तशीच काळी माती शोधली, डबा भरला आणि पंपरूममध्ये नेऊन दिला. "जिवंत आहे, मामा. एकदम फर्स्ट क्लास."

मामांनी डबा उघडला आणि नाकाशी नेला.

"ही माझी नाय. हिला म्हशींचा वास येतोय."

मग मी सगळं सांगितलं. लेबल, कुकर, आरे, सगळं. मामा झाकण लावून पंपाला तेल घालत बसले. शेवटी म्हणालो, "मामा, शिव्या तरी द्या."

मामा उठले. पंपामागे हात घालून त्यांनी तसाच दुसरा डबा काढला, झाकण उघडून माझ्या नाकाखाली धरला आणि लगेच बंदही केला.

"तुझं लॉन बघितलं होतं, मास्तर. सगळी तुला कशी देणार?"