सुभेदारांचं रोजचं वाक्य

तिसऱ्या आठवड्यात एके दिवशी सुभेदारांचा एकही सूर चुकला नाही, आणि त्याच दिवशी ते गिटार परत करायला आले.

"मॅडम, तुमची वस्तू तुमच्यापाशी. आमच्याच्यानं हे हुईना."

"अहो, पण तुमचं सगळं बरोबर येतंय."

"माझं येतंय वो. तिला येत न्हाई."

मी मिरजेत गिटार शिकवते. सतारींच्या गावात गिटार का, असं नवीन पालक विचारतात. मला सतार येत नाही, हे त्याचं खरं उत्तर. माझे बहुतेक विद्यार्थी शाळा-कॉलेजातले, आणि त्यांच्याबद्दल माझी एकच तक्रार असते, ती म्हणजे रोज बसत नाहीत. आठवड्यातून एकदा दोन तास बसण्यापेक्षा रोज पंधरा मिनिटं बसा, असं मी प्रत्येकाला सांगते. एकदम जास्त वाजवलं तर बोटं फक्त सोलवटतात. सवय रोजच्या थोड्या वाजवण्याने लागते. सुभेदार सिदाप्पा हे माझे पहिले विद्यार्थी, ज्यांना हे दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही.

ते मूळचे जत तालुक्यातले. घरची मेंढरं. तरुणपणी फौजेत गेले, सुभेदार होऊन निवृत्त झाले आणि गावी परतले. थोड्याच दिवसांत बायकोच्या, हौसाबाईंच्या, अंगावरनं वारं गेलं. मिरजेत उपचार झाले. उजवा हात थोडा हलायला लागला, काठी घेऊन चालता यायला लागलं. बोलणं मात्र परत आलं नाही. समजायचं सगळं, पण तोंडातून निघायचं फक्त "त... त...". उपचारांसाठी दोघं स्टेशनजवळ एक खोली भाड्याने घेऊन राहिले होते.

बोलणं परत यावं म्हणून त्या एका स्पीच थेरपिस्टकडे जात होत्या. थेरपिस्टनी सुभेदारांना समजावलं होतं, आणि मला फोनवर पुन्हा समजावलं. मेंदूची बोलण्याची बाजू दुखावली, तरी सुरात म्हणताना दुसरी बाजू मदतीला येते. म्हणून एखादं छोटं वाक्य दोन सुरांत, सावकाश म्हणायचं. पेशंटने चांगल्या हाताने मांडीवर प्रत्येक अक्षराला थाप द्यायची. रोज केलं तर काही जणांना शब्द सापडतात. सगळ्यांना नाही, हेही त्यांनी लपवलं नव्हतं.

अडचण सुभेदारांच्या गळ्याची होती. "माझा आवाज म्हंजे परेडचा. मी गायला लागलो की ती कानावर हात ठेवती," ते म्हणाले होते. म्हणून सूर धरायला गिटार. मी त्यांना दोनच तारा दिल्या, तिसरी आणि दुसरी, दोन्ही मोकळ्या. मोकळी म्हणजे डाव्या बोटाने न दाबता छेडायची तार. थेरपिस्टनी कागदावर लिहून दिलेलं वाक्य होतं, 'मला पाणी हवं आहे'. सकाळी सहा आणि संध्याकाळी सहा, अशी वेळ सुभेदारांनी स्वतः ठरवली.

आणि आता ते गिटार परत करत होते.

"गिटार पिशवीतनं काढली की ती भितीकडं तोंड फिरवती," ते म्हणाले. "आज तर हातानं ढकललीच. जबरदस्ती कशी करायची? आख्खी जिंदगी एकटीनं घर वडलं तिनं. आता मी तिच्यावर हुकूम सोडू?"

मी म्हटलं, "घरी कसं वाजवता ते मला बघू द्या. मग हवी तर परत करा गिटार."

रविवारी सकाळी मी त्यांच्या खोलीवर गेले. हौसाबाई कॉटवर बसल्या होत्या. बारीक, ताठ बाई. माझ्याकडे बघून मान हलवली, नवऱ्याला चहाची खूण केली. सुभेदारांनी चहा केला, कप माझ्या हातात दिला आणि मग गिटार घेतली. मोबाईलवर मेट्रोनोम लावला. मेट्रोनोम म्हणजे ठरावीक वेगाने टकटक करणारं यंत्र. मिनिटाला किती टकटक, ते आपण ठरवतो.

टकटक सुरू झाली आणि मी कप खाली ठेवला. मी त्यांना चाळीसवर लावून दिला होता. हा एकशे वीसवर होता.

"सुभेदार, हा आकडा कुणी बदलला?"

"मीच. चाळीस म्हंजे लय ढिलं वाटतंय. आमच्यात तेज चल म्हंजे मिनिटाला एकशे वीस पावलं. अंगातच बसलंय ते."

"आणि वहिनींनी यावर बोलायचं?"

त्यांनी बायकोकडे बघितलं. हौसाबाईंनी तोंड भिंतीकडे केलं.

मी मेट्रोनोम बंदच केला. म्हटलं, "आता टकटक नाही. वहिनी श्वास घेतील, मग तार. नजर बोटांवर नको, त्यांच्या तोंडावर ठेवा."

त्यांनी तसं केलं. इतकं सावकाश वाजवताना त्यांना घाम फुटला. हौसाबाई वळल्या, ऐकत राहिल्या. पण ओठ हलले नाहीत. चार-पाच वेळा झालं. मग त्यांनी डाव्या हाताने हवेत असा झटका दिला, की त्याचा अर्थ कुणालाही कळावा: पुरे.

मी विचारलं, "सुभेदार, वहिनी तुमच्याकडे पाणी कसं मागायच्या? याच शब्दांत?"

ते म्हणाले, "तिनं कवा मागितलंच न्हाई. मी सुट्टीवर यायचो, तवा तीच द्यायची."

"मग हे वाक्य बदलू या."

"कसं बदलायचं? लेखी दिलंय की डॉक्टरबाईंनी."

मी डॉक्टर नाही. मनाने काही बदलणं मला पटत नव्हतं. तिथूनच थेरपिस्टना फोन लावला, स्पीकरवर.

"अहो, तो नुसता नमुना होता," त्या म्हणाल्या. "वाक्य त्यांच्याच तोंडचं हवं. आजोबा, मी तुम्हाला म्हटलं होतं ना, घरातलं वाक्य घ्या म्हणून?"

"म्हटलं हुतं," सुभेदार म्हणाले. "पर कागदावर हे हुतं."

फोन ठेवून मी विचारलं, "त्या रोज काय म्हणायच्या?"

"मी रोज कुठं हुतो मॅडम? फोनवर भेट. कधी बॉर्डरच्या पोस्टवरनं, कधी फोनच्या लायनीत उभं राहून." मग त्यांनी हाताचा फोन करून कानाला लावला आणि बायकोच्या आवाजाची नक्कल केली. "आवं, जेवलासा का? हितनं सुरुवात. मेंढरू मरू दे, पोरगं तापानं फणफणू दे, पैलं हेच. मग बाकीचं."

हौसाबाई हसल्या. नवऱ्याच्या त्या बायकी आवाजाला, तोंडावर पदर धरून, खांदे हलेपर्यंत हसल्या.

"परत म्हणा," मी म्हटलं. त्यांनी लाजत लाजत परत म्हटलं. बोलण्यालाही चाल असते. 'आवं' खाली आणि लांब. 'जेवलासा' सरळ. 'का' वर उडालेला. मी गिटार घेऊन शोधलं: तिसरी तार, तिसरीच, आणि शेवटी दुसरी. त्याच दोन मोकळ्या तारा. नवीन काही शिकायची गरजच नव्हती.

सुभेदारांनी वाजवलं. हौसाबाईंचा डावा हात मांडीवर पडला. पहिल्यांदा नुसता हात. पुन्हा वाजवलं, ओठ हलले. किती वेळा झालं ते मी मोजलं नाही, आणि मी सहसा मोजते. एकदा तिसरी तार वाजली आणि त्यांच्या तोंडून आलं,

"आ... वं."

सुभेदारांचा हात तारेवरच थांबला.

"थांबू नका," मी हळूच म्हटलं.

त्यांनी पुढचा सूर दिला. "जे... व... ला... सा..." आणि दुसऱ्या तारेवर, जरा उशिरा, "का?"

"न्हाई," सुभेदार म्हणाले. "न्हाई गं अजून." एवढंच बोलले आणि गिटार मांडीवर आडवी धरून बसून राहिले. हौसाबाईंनी त्यांच्या गुडघ्यावर दोनदा हात आपटला. वाजवा, असं.

लगेच सगळं सुरळीत झालं, असं नाही. पुढे कित्येक दिवस तेवढं एकच वाक्य होतं. पाणी हवं असलं तरी त्या "जेवलासा का" म्हणायच्या, पंखा लावायचा असला तरी तेच. काय हवंय ते सुभेदार त्यांच्या नजरेवरून शोधायचे. 'पानी' आणि पोराचं नाव हळूहळू आलं. काही शब्द अजून येत नाहीत, कदाचित येणारही नाहीत. मध्यंतरी दोघं गावी परतले. तिथेही रोज वाजवणं चालू आहे, पण वेळ आता हौसाबाई ठरवतात.

या प्रकरणातून मी माझ्या क्लासपुरता एक नियम केला. रोज बसा, हे सांगण्याआधी विचारायचं, घरी ऐकणार कोण आहे. या प्रश्नावर निम्मी मुलं गोंधळतात, पण उत्तर देतात.

परवा सुभेदारांचा फोन आला होता. मागून हौसाबाईंचा आवाज आला, गिटारशिवाय, सरळ बोलण्यातला: "आवं, जेवलासा का?"

"न्हाई अजून!" सुभेदार तिकडे ओरडले.

मी म्हटलं, "दुपारचे तीन वाजलेत, अजून जेवला नाहीत?"

"बाराला जेवलोय की मॅडम," ते हळू आवाजात म्हणाले. "पर व्हय म्हटलं की ती परत इचारत न्हाई."