बूट खोटं बोलत नाहीत

२००९ च्या मे महिन्यात माझ्या नवऱ्याची नोकरी गेली, आणि ही गोष्ट त्याच्या कंपनीच्याही आधी मला कळली.

मंदीने तेव्हा नुसता कहर केला होता. अबुधाबीजवळच्या मोहम्मद बिन झायद सिटीतल्या आमच्या बिल्डिंगमधून दर आठवड्याला एक कुटुंब बाडबिस्तरा आवरून भारतात परतायचं आणि जाताना शेजाऱ्यांना काहीतरी देऊन जायचं. तिसऱ्या मजल्यावरच्या देवधरांनी आम्हाला तुळस, अर्धी गोणी तांदूळ आणि डीव्हीडींचा एक खोका दिला. तुळस आठ दिवसांत वाळली, तांदूळ महिन्यात संपला. डीव्हीडी मात्र आम्हाला पुरून उरल्या.

खोक्यात एक जुनी कृष्णधवल इंग्रजी गुन्हेमालिका होती. नायक वर्तमानपत्राचा परदेशी बातमीदार. अंगात रेनकोट, डोक्यावर तिरकी टोपी, तोंडात सिगारेट. पेपरवाले त्याला कुठल्यातरी लांबच्या बंदरात पाठवायचे आणि हा बोटीतून उतरला की लगेच कोणीतरी मरायचं! (असल्या माणसाला व्हिसा कोण देतं, हा प्रश्न तिथल्या पोलिसांना कधीच पडला नाही.) पडद्यावर निम्मा वेळ अंधार आणि उरलेला वेळ धूर. पण आम्हाला त्याचं व्यसन लागलं.

आम्हाला म्हणजे मला आणि सासूबाईंना. मिरजेजवळच्या गावाहून त्या व्हिजिट व्हिसावर तीन महिन्यांसाठी आल्या होत्या. त्यांना इंग्रजीचं अक्षर कळत नव्हतं, तरी खुनी त्या पहिल्या दहा मिनिटांत ओळखायच्या.

"तू शब्द ऐकतेस म्हणून फसतेस," त्या म्हणायच्या. "तोंडं बघ तोंडं!"

मी तोंडं बघूनही प्रत्येक भागात चुकीच्याच माणसाला पकडायची. एकदा तर ज्याच्यावर माझा दाट संशय होता, त्याचाच पुढच्या मिनिटाला खून झाला!

बातमीदाराचं एक ठरलेलं वाक्य होतं. माझ्या चौदा वर्षांच्या मुलीने, ऋचाने, ते आजीला मोडक्यातोडक्या मराठीत समजावलं होतं: माणूस खोटं बोलतो, बूट खोटं बोलत नाहीत. बस्स! मी घरातले बूट बघायला लागले.

सतीश, माझा नवरा, मुसफ्फा या कारखान्यांच्या वस्तीतल्या एका फॅब्रिकेशन कंपनीत इंजिनियर होता. रिफायनरीच्या मोठमोठ्या टाक्या बनवायचा. इतकी वर्षं त्याचे बूट लोखंडाच्या भुकटीने काळे होऊन यायचे. आता त्यातून निघायला लागली बारीक लाल वाळू. पँटच्या घडीत गवताची काडी. फोन आला की हा बाल्कनीत. "ऑफिस कसं चाललंय?" विचारलं की एकच उत्तर, "चालू आहे." सासूबाईंनी त्याचा शर्ट धुवायला टाकण्याआधी हुंगला आणि त्या मटकन सोफ्यावर बसल्या.

"हा जनावरांत जातोय गं," त्या म्हणाल्या.

त्या एवढंच म्हणाल्या. पुढचा शोध माझा! सतीशला कंपनीने काढलंय, लाजेने तो आपल्याला सांगत नाही, आणि रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून वाळवंटात कोणाच्या तरी शेळ्या राखायला जातो. सगळे धागे जुळत होते! नोकरी गेली म्हणजे व्हिसा गेला, आणि महिन्याभरात देश सोडायचा. ऋचाची शाळा, आमचं घर, सगळंच खलास.

रडत बसण्यात अर्थ नव्हता. देवधरांनी उशिरा सामान काढलं म्हणून त्यांचा सोफा कोणी फुकटही नेला नव्हता. म्हणून शुक्रवारी संध्याकाळी मी कोपऱ्यावरच्या सुपरमार्केटच्या बोर्डवर गुपचूप कागद चिकटवला: 'लीव्हिंग कंट्री सेल. एव्हरीथिंग मस्ट गो.' खाली घरचा नंबर. आता उरलं होतं फक्त गुन्हेगाराला रंगेहाथ पकडणं.

शनिवारी ऋचाला सुट्टी, सतीशला काम. तो लिफ्टमध्ये शिरताच सासूबाई खोलीतून बाहेर आल्या. अंगात रेनकोट! (परदेशात पाऊस कधी येईल सांगता येत नाही, म्हणून त्यांनी गावाहून आणला होता. पावसाचा पत्ता नव्हता, पारा बेचाळीसवर!) डोक्यावर ऋचाची शाळेची टोपी, डोळ्यांवर माझा गॉगल.

"आई, हे काय?"

"ओळखू आले तर सगळं मुसळ केरात. चल!"

आम्ही टॅक्सीत बसलो. ड्रायव्हर पेशावरचा पठाण होता. मी बातमीदाराच्या थाटात म्हटलं, "भाईसाब, उस सफेद गाडी के पीछे!"

त्याने रस्त्याकडे बघितलं. रस्त्यावर सतरा गाड्या होत्या आणि सतराही पांढऱ्या.

"बाजी, कौनसी सफेद?"

मी ठामपणे बोट दाखवलं. त्या गाडीच्या मागे आम्ही मुसफ्फातल्या एका टायरच्या दुकानापर्यंत गेलो. गाडीतून एक जाडजूड इजिप्शियन गृहस्थ उतरले. सासूबाईंनी गॉगल वर करून त्यांना नीट न्याहाळलं आणि म्हणाल्या, "हा आपला नव्हे." तेवढ्यात सिग्नलवर मला सतीशची गाडी दिसली. (मागच्या काचेवर गणपती होता. हे आधी सुचायला हवं होतं.) "यल्ला, यल्ला! जल्दी चलो!" मी ओरडले. ती गाडी त्याच्या कंपनीच्या फाटकासमोरून सरळ पुढे गेली आणि वाळवंटाच्या रस्त्याला लागली. मी सासूबाईंचा हात घट्ट धरला.

अर्ध्या तासाने गाडी थांबली. चहूकडे तारांचं कुंपण, आत पन्नासेक उंट आणि त्यांच्या मधोमध माझा बी.ई. मेकॅनिकल नवरा. खाली वाकलेला, हातात काहीतरी लांब दोरीसारखं, शेजारी कंदुरा म्हणतात त्या पांढऱ्या पायघोळ झग्यातले एक म्हातारे अरब. शेळ्यासुद्धा नाहीत, उंट!

मी काही बोलायच्या आत सासूबाई रेनकोट फडफडवत आत घुसल्या.

"सत्या! टाक ती दोरी!"

सतीश असा दचकला की हातातली मेजरिंग टेप सटकन गुंडाळली गेली. "आई? तू? हा रेनकोट..."

सासूबाईंचं त्याच्याकडे लक्षच नव्हतं. त्या थेट अरबांसमोर उभ्या राहिल्या. "ओ भाऊ! मेरे लडके को छोड दो! वो इंजिनियर है!"

म्हातारे शांतपणे मुंबईच्या हिंदीत म्हणाले, "मालूम है, माजी. इसी लिए तो बुलाया."

मग सतीशने खाली मान घालून सगळं सांगितलं. टाक्यांची कामं बंद पडली होती. या महिन्यात नवीन ऑर्डर आली नाही तर त्याच्यासकट अख्ख्या वर्कशॉपला नारळ मिळणार होता. त्याने कसंबसं या शेखसाहेबांचं काम मिळवलं होतं. उंटांच्या शेड आणि स्टीलच्या गव्हाणी.

"आयुष्यभर रिफायनरी केली," तो माझ्याजवळ पुटपुटला. "आता घरी येऊन काय सांगू, उंटाच्या गव्हाणी करतो म्हणून?"

त्यातही भानगड अशी, की उंट त्या गव्हाणीत खातच नव्हते! उंची बदलून झाली, रुंदी बदलून झाली. आजचा नमुना शेवटचा होता. तोही नापास झाला तर काम रद्द. आणि आत्ता, आमच्या डोळ्यांदेखत, एक उंट गव्हाणीपाशी आला, त्याने मान खाली घातली, झटक्यात वर केली आणि तो चालता झाला. शेखसाहेबांनी मान हलवली. मला तिथेच रडू फुटलं.

सासूबाई मात्र गव्हाणीकडे गेल्या. काठावर हात ठेवला आणि किंचाळून मागे घेतला.

"अरे गाढवा! तवा झालाय याचा! आमच्या म्हशीला असल्यात चारा दिला असता तर तिने मलाच शिंगावर घेतलं असतं. तू मापं घेतलीस, काठाला हात लावलास का एकदा?"

सतीशने लावला नव्हता. त्याच्या हातात कायम सेफ्टीचे हातमोजे!

त्यांनी अंगातला रेनकोट काढला, दुहेरी घडी करून तापलेल्या काठावर पसरला आणि म्हैस बोलवावी तसं "हॅ हॅ, ये!" केलं. उंट आला. त्याने रेनकोटवर नाक घासलं, क्षणभर विचार केला आणि गव्हाणीत तोंड खुपसलं. मग दुसरा आला, तिसरा आला. सतीश, मी, पठाण ड्रायव्हर, सगळे टाळ्या वाजवायला लागलो!

"खलास!" शेखसाहेब म्हणाले. "लकडी का किनारा लगाओ, ऊपर छांव लगाओ. मेरा काम पक्का. मेरे दोनों भाई का भी काम तुम करेगा." मग सासूबाईंकडे बघून ते अदबीने म्हणाले, "माजी, नौकरी चाहिए?"

अख्खं वर्कशॉप वाचलं. आनंदाने माझे पाय जमिनीवर ठरत नव्हते. शेखसाहेबांनी दिलेला खजुराचा खोका मांडीवर घेऊन आम्ही तिघं गात गात घरी आलो. सतीशने दार उघडलं आणि "ऋचा!" अशी हाक मारली. हाक घुमली.

घर रिकामं होतं. सोफा नाही, टीव्ही नाही, वॉशिंग मशीन नाही. हॉलच्या मधोमध ऋचा पाटावर बसली होती, एका हातात नोटा, दुसऱ्या हातात गिऱ्हाइकांनी आणलेला माझा तो बोर्डवरचा कागद.

"मॉम, सो मेनी पीपल केम! आय सोल्ड इट ऑल! नाइन हंड्रेड दिरहॅम्स!"

"म्हणजे बारा हजार रुपये!" सासूबाई कौतुकाने म्हणाल्या.

"सगळं कशाला दिलंस?" मी कळवळून ओरडले.

"मॉम, यू रोट एव्हरीथिंग मस्ट गो."

सतीशने एकदा घराकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि तो इतका हसला की त्याला जमिनीवरच बसावं लागलं. (दुसरी सोयही नव्हती.) त्या रात्री आम्ही फरशीवर बसून खजूर आणि वरणभात खाल्ला. तेवढं चविष्ट जेवण मी पुन्हा जेवले नाही.

सोफा पुन्हा आला, टीव्ही आला. सतीश पुढे त्याच उंटांच्या जोरावर मॅनेजर झाला. एकच हळहळ राहिली. मालिकेच्या शेवटच्या भागाची डीव्हीडी प्लेयरमध्येच होती आणि प्लेयर टीव्हीबरोबर गेला. आम्ही तो भाग निम्माच पाहिला होता. खुनी कोण, हे आम्हाला आजपर्यंत कळलेलं नाही. सासूबाई म्हणतात, हॉटेलवाली बाई. माझा ठाम संशय त्या म्हाताऱ्या डॉक्टरवर आहे.

म्हणजे डॉक्टर निर्दोष आहे, एवढं तरी नक्की झालं!