रविवारी न वाचली जाणारी बातमी

डोलीना मॅकॉलेला आमच्या हॅलसे बेटावर कुणी पत्रकार म्हणत नाही. पत्रकार ग्लासगोहून येतात, वाऱ्याने उडालेल्या छपराचा फोटो काढतात आणि बेटाचं नाव चुकीचं छापून मोकळे होतात. डोलीना ही एफीची मुलगी. चोवीस वर्षं बँकेत होती. बँकेने इथली शाखा गुंडाळली तेव्हा तिने स्वयंपाकघरातल्या टेबलावर संगणक मांडला आणि इंटरनेटवर 'हॅलसे वार्ता' सुरू केली. त्याला अकरा वर्षं झाली. बोट सुटणार की नाही, दातांचा डॉक्टर कधी येणार, कुणाची मेंढरं कुणाच्या बटाट्यांत शिरली, कोण गेलं आणि दफन किती वाजता, हे सगळं आम्ही तिथेच बघतो. छापील कागद नाही, कचेरी नाही, वरती कुणी मालक नाही.

मी तिचा शेजारी रोरी. शाळेची बस चालवायचो, आता घरी बसलोय. तिचा स्वभाव गोड आहे असं मी म्हणणार नाही. सख्ख्या मामेभावाला दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल दंड झाला, तो तिने नावानिशी छापला आणि त्याच संध्याकाळी त्याच्या घरी हेरिंग मासे घेऊन गेली. त्याने मासे ठेवून घेतले, दार मात्र तोंडावर लावलं.

रविवारी 'वार्ता' बंद. रविवार देवाचा, त्या दिवशी काम करायचं नाही, बातम्याही वाचायच्या नाहीत. आमच्याकडे रविवारी दोरीवर कपडे दिसत नाहीत, बटाटेसुद्धा शनिवारीच सोलून ठेवतात. तिचे वडील चर्चच्या ज्येष्ठ मंडळात होते, आणि आई एफी त्यांच्याहून कडक. 'वार्ता' सुरू झाली त्या दिवशीच म्हातारीने सांगून टाकलं होतं, "रविवारी एक ओळ जरी लिहिलीस, तर मला मुलगी नाही असं समजेन." एफी असं काही बोलली की ती ते पाळते. धाकट्या बहिणीशी ती एकोणीस वर्षं बोललेली नाही, आणि ते भांडण एका बादलीवरून होतं.

एकदा अंडी द्यायला गेलो, तेव्हा डोलीनाने मला एक आकडा दाखवला. मागच्या रविवारी सहाशे अकरा जणांनी 'वार्ता' उघडली होती. बेटावर माणसं एकोणीसशे.

"यातला एक तू," ती म्हणाली.

"मी घड्याळ बघायला फोन उघडतो."

"हो ना, सहाशे अकरा जणांना वेळच बघायची असते."

हा आकडा तिने बाहेर कधी फोडला नाही. फोडला असता तर निम्म्या बेटाची बोलती बंद झाली असती.

या वर्षी मार्चमध्ये नळाचं पाणी खराब झालं. नऊ दिवस सगळे उकळून पीत होते. शनिवारी संध्याकाळी पाणीखात्यातल्या माणसाचा तिला फोन आला की तपासणी चांगली आली आहे, कागद सोमवारी पाठवतो. कागद हातात आल्याशिवाय डोलीना एरवी अक्षर लिहीत नाही. पण मध्ये रविवार होता. लोकांनी आणखी एक दिवस उगाच का पातेली चढवायची, म्हणून सहाला दहा कमी असताना तिने टाकलं, 'पाणी आता न उकळता प्यायला हरकत नाही.' शनिवारी सगळं आटपून टाकायची आम्हा सगळ्यांनाच घाई असते. तिथेच ती फसली.

दर रविवारी तिला आणि एफीला माझ्याच गाडीतून चर्चला नेतो. त्या दिवशी साडेनऊला तिच्याकडे पोचलो तर ती फोन हातात धरून उभी होती.

"पाणीखात्याचा फोन होता. दुसरा नमुना खराब निघाला, रोरी. उकळूनच प्यायचंय."

"उद्या उजाडल्यावर टाक की."

"आणि आज दिवसभर काय वाचतील? पाणी चांगलंय म्हणून? माझ्या नावावर?"

"एफीचं काय?"

ती संगणकाकडे वळली. खुर्ची ओढून बसली. मला वाटलं होतं ती बराच वेळ विचार करेल, पण तिला चार मिनिटंही लागली नाहीत. तिने लिहिलं, 'काल मी कागद न बघता लिहिलं. चूक माझी. पाणी उकळूनच प्या. डोलीना.' मग कळ दाबली. मला तेव्हा तिची कीव आली, हे कबूल करतो.

वाचणाऱ्यांचा आकडा भराभर चढायला लागला. पण ती कोट चढवत होती.

"आता कुठे?"

"जे खरंच बघत नाहीत, त्यांना कोण सांगणार?"

तिला चर्चच्या फाटकाशी सोडून मी एफीला तिच्या घरून आणायला गेलो. परतलो तेव्हा डोलीना प्रत्येकाला थांबवून तेच सांगत होती. काही जण खरोखर दचकले. बाकीचे फार छान दचकले.

"अरे देवा! आम्हाला काहीच कल्पना नाही," ज्येष्ठ मंडळातले टॉर्मड म्हणाले.

"म्हणून तर मघाशी पाणी उकळून थर्मास भरायला लावलात," मागून त्यांची बायको म्हणाली. टॉर्मड लगबगीने आत गेले.

एफी बायबल छातीशी धरून उतरली. फाटकाशी सगळे तिच्याकडे वळले. तिची बहीणही तिथेच होती, ती दुसरीकडे बघू लागली.

"आई, मी आज लिहिलं," डोलीना म्हणाली.

"ठाऊक आहे."

डोलीनाने माझ्याकडे पाहिलं. मी नकारार्थी मान हलवली, मी काही बोललो नव्हतो.

"त्याच्याकडे काय बघतेस?" एफी म्हणाली. "अकरा वर्षं दर रविवारी सकाळी उघडते मी ते तुझं. तू काही लिहिलं नाहीस ना, तेवढंच बघायला."

"आणि आज?"

"आज लिहिलेलं दिसलं." म्हातारीने लेकीच्या कोटाचं वरचं बटण लावलं. "मग किटली चढवली, दुसरं काय करणार? चल आत, उशीर होतोय."