समस्त मंडळी शोकाकुल

आमच्या वाशी गावच्या चौकात माझ्या श्रद्धांजलीचा जो फ्लेक्स लागला होता, तो मीच सांगून लावून घेतला होता. हे आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, चर्चच्या पाळकसाहेबांना नाही. प्रार्थनेत देवालाही आडवळणानंच सांगितलंय.

मरायची हौस नव्हती. मला वाढदिवसाचा फ्लेक्स हवा होता. प्लॉटिंगच्या धंद्यात हात बसला होता, दारात पांढरी चारचाकी आली होती, आणि आमच्या पत्र्याच्या चर्चमध्ये वडिलांची, म्हणजे कारभाऱ्यांची निवड तोंडावर आली होती. चौकात गावातल्या सगळ्यांची तोंडं झळकतात, आपलंच का नाही, एवढंच डोक्यात होतं. पण स्वतःचा फ्लेक्स स्वतःच लावला हे कळलं तर काय शोभा? म्हणून कळंबच्या एका फ्लेक्सवाल्याला, मी दादांचा मित्र बोलतोय म्हणून फोन केला.

"फोटो मोठा घ्या. कोपऱ्यात क्रूस टाका. सगळ्यात खाली लिहा, समस्त मंडळी."

"क्रूस? ख्रिश्चन होते का?"

"होय."

"वय किती?"

"पन्नास."

"अरारा! लहानच की हो."

मी खुशीत हसलो. त्याला हुंदका वाटला असणार.

वाढदिवस हा शब्द मी बोललोच नव्हतो, आणि त्या माणसानं जन्मात क्रूस पाहिला तो फक्त कबरीवर. त्यानं त्याच्या समजुतीनं काम चोख केलं. फोटोला छापील हार, वर 'भावपूर्ण श्रद्धांजली', खाली 'शोकाकुल : समस्त मंडळी'. त्याची माणसं उजाडायच्या आत बोर्ड बांधून गेलीसुद्धा.

मी दात घासत दार उघडलं तर समोर टेलरकाका. आमच्या चर्चमधले म्हातारे, एक शिलाई मशीन आणि दोन शेळ्या एवढाच त्यांचा संसार. मयताच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून फडक्यात भाकरी-पिठलं बांधून आणलेलं. डोळे रडून सुजलेले. त्यांनी मान वर केली.

"दादा, तुमी उठलात?"

"व्हय, आत्ताच उठलो."

"इतक्यात?" असं म्हणून ते उंबऱ्यातच गुडघ्यावर बसले आणि मोठ्यानं प्रभूची स्तुती करू लागले. माझ्या तोंडात फेस. काय घडलंय ते मला चौकात जाऊन बोर्ड बघेपर्यंत कळलं नाही.

तिथं चहावाल्यानं गाठलं. आम्ही चर्चच्या लोकांना मंडळी म्हणतो. गावात मंडळी म्हणजे बायको. "दादा, समस्त लिवलंय," तो हळूच म्हणाला. "एकूण हायत तरी किती?" बायको संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलली नाही.

दिवसभर माणसं येत राहिली. मी जिवंत आहे हे बघून एकाचं तोंडच उतरलं. "म्हंजी गाडी आता इकायची न्हाय म्हना." दुसरा, त्याला दाखवलेल्या प्लॉटचं काय ते विचारून गेला. फ्लेक्सवाल्यानंही फोन करून माझंच सांत्वन केलं. माझ्यासाठी रडून आलेला माणूस एकच होता.

"कुणाचा हा चावटपणा?" म्हणून सगळ्यात मोठ्यानं मीच ओरडलो. टेलरकाका शिडी आणून बोर्ड उतरवत होते. फाडून टाका म्हटलं, तर म्हणाले, "चांगला जाड हाय. शेळ्यांवर टाकतो."

आमच्यात रविवारी उपकारस्तुती असते. एकेकानं उभं राहून आठवड्यात मिळालेल्या गोष्टींबद्दल देवाचे आभार मानायचे. मी प्लॉटांबद्दल मानायचो, रस्त्यापासूनच्या अंतरासकट. काका मात्र दोरा पहिल्या झटक्यात सुईत गेला म्हणून उभे राहायचे आणि आम्ही रुमालात हसायचो. त्या रविवारी ते उठले.

"प्रभू, आमचे दादा जित्ते हायत, तुजी स्तुती. त्यांच्यामुळं माज्या शेळ्यांला सावली झाली, त्याचीबी स्तुती."

कुजबुज सुरू झाली. बोर्ड यांच्याच घरी कसा? वडिलांच्या निवडीत तर यांचंही नाव होतं. कुणीतरी तोंडावरच विचारलं. काका गोंधळले. "म्या न्हाय लावला. म्या काढला." कुणाला पटलं नाही. कबूल करेपर्यंत त्यांनी उपकारस्तुतीला उभं राहू नये, असं ठरायला लागलं. पाळकसाहेबांनी मला विचारलं, "तुम्हाला काय वाटतं?"

तेव्हा एक वाक्य बोलायचं होतं. मी भलतंच बोललो.

"मी त्यांना माफ केलंय."

माझ्या मोठ्या मनाचं कौतुक झालं. वडील म्हणून निवडही झाली, शाल-हारासकट. काका तेव्हापासून शेवटच्या चटईवर बसतात. उपकारस्तुतीची वेळ आली की त्यांचे ओठ हलतात, आवाज येत नाही.

सांगून टाकावं म्हणून एका दुपारी त्यांच्या घरी गेलो. शेळ्यांवर मी पसरलेला होतो, हारासकट हसत. एक शेळी माझा कान चघळत होती.

"या दादा, बसा तुमच्याच सावलीत."

बसलो. त्यांनी चहा आणला आणि डोळे मिटले. चहाबद्दल, दुधाबद्दल, आलेल्या पाहुण्याबद्दल आभार मानले. मग म्हणाले, "आन आमच्या दादांचं मन मोठं केलंस, प्रभू, त्याचीबी स्तुती." मी तोंड उघडलं.

"चहा गोड झालाय," म्हणालो.

नंतर बऱ्याच वेळा जाऊन बसलो. प्रार्थनेतून प्लॉट काढून टाकले, तर बोलायला काही उरेना. इतकी वर्षं मी देवापुढंही फ्लेक्सच लावत होतो. त्या शेळ्यांत बसून मात्र कधीमधी खरोखर आभार मानावेसे वाटतात, कपातल्या चहाचे, शेजारी बसलेल्या माणसाचे. तो माणूस रविवारी माझ्यामुळं मुका बसतो हे आठवलं की ते आभारही अर्धेच राहतात.

मी टेलरकाकांचं एक देणं लागतो. रविवारी उभं राहून, बोर्ड मी लावला होता, हे सगळ्या मंडळीसमोर सांगायचं आणि त्यांची उपकारस्तुती त्यांना परत द्यायची. ते अजून दिलेलं नाही.