बाटलीतला उजेड

आमच्या गेवराईकडच्या गावात समुद्राचं कुणाला काही पडलेलं नाही. मी मात्र शिकून कोकणातल्या एका खाडीकाठच्या प्रयोगशाळेत चिकटले. समुद्राच्या पाण्यात काही जिवाणू असतात, ते अंधारात निळसर उजेड देतात. त्यांच्यात कारखान्यांचं सांडपाणी मिसळायचं आणि उजेड किती लवकर मावळतो ते बघायचं, हे माझं काम. रसायन जितकं जहाल, तितका उजेड लवकर जातो. माझ्या वडिलांना, आप्पांना, हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "म्हंजे पगार घेऊन दिवे मालवतीस व्हय!"

पण तो उजेड त्यांना बघायचा होता. दरवर्षी यायचं ठरायचं आणि काहीतरी आडवं यायचं. मग पोटाच्या कॅन्सरनं त्यांना खाटेला खिळवलं आणि डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. मी एका बाटलीत ते जिवाणू वाढवले आणि बर्फाच्या डब्यात घालून एसटीनं गावी नेले. गेवराईच्या स्टँडवर ओढणीखाली धरून बघितलं, उजेड शाबूत होता. मी वेड्यासारखी हसले.

घरी पोचल्यावर बाटली आप्पांच्या खाटेजवळ ठेवून आधी अंघोळीला गेले. मग भरदुपारी खिडकीवर गोधडी टांगली, दार लावलं आणि आप्पांपुढं बाटली हलवली. काहीच नाही. पुन्हा हलवली. बूच काढून वास घेतला, तर क्लोरिनचा वास.

"म्या औषध टाकलंय त्यात," आई म्हणाली. आमच्याकडे पाणी टँकरचं. हंडा असो की कळशी, क्लोरिनचे थेंब टाकल्याशिवाय ती घोटभर पाणी कुणाला देत नाही. "गढूळ हुतं, वास बी येत हुता. आजारी माणसाजवळ कावून धोका घ्यायचा?"

मला इतका संताप आला की बाटली भिंतीवर फोडावीशी वाटली. मी तोंड उघडणार, तोच आप्पा म्हणाले, "दिसला की! लई भारी हाय."

"मला कावून दिसंना?"

"तुझे डोळे चुलीनं खाल्ले. जा, च्या टाक."

ती हसत गेली. आप्पांनी माझा हात धरला. त्यांच्या पकडीत जोर उरला नव्हता.

"मेले न्हवं सगळे? तिला सांगू नकू, माय. जीव जाळत बसंल."

आप्पा त्याच आठवड्यात गेले. भेटायला येईल त्याला आई सांगते, जाताना त्यांनी समुद्राचा उजेड बघितला. ती हे इतक्या समाधानानं सांगते की मला तिथं बसवत नाही.

इकडे कारखान्यांचं पाणी खाडीत जिथं पडतं, तिथले नमुने मी अजून आणते. हल्ली त्यात उजेड देणारे जिवाणू सापडत नाहीत. फोनवर आई विचारते, "त्यांनी बघितला तो उजेड हाय का गं अजून तिथं?"

"हाय," मी म्हणते, आणि माझा आवाज कापतो. आप्पांचा जरासुद्धा कापला नव्हता.