चौऱ्याहत्तरचे अकरा तुकडे

दहा हा आकडा मीच आणला. हे आधी सांगून टाकतो, नाहीतर पुढचा राग एकतर्फी वाटेल.

चेन्नईतल्या शोळिंगनल्लूरच्या आमच्या ऑफिसात मी कोडचा दर्जा तपासत असे. परदेशातल्या एका मोटार कंपनीचे सुटे भाग कुठल्या गोदामातून पाठवायचे हे ठरवणारा जुना प्रोग्रॅम आमच्याकडे होता. त्यातलं एकेक फंक्शन, म्हणजे एक काम करणारा एक तुकडा, सातशे-आठशे ओळींचं. हात लावायला कोणी धजत नसे. म्हणून मी मोजणी सुरू केली. 'असं असेल तर हे, नाहीतर ते' अशी वाट जिथे जिथे फुटते त्या जागा मोजायच्या, त्यात एक मिळवायचा. येईल ती त्या फंक्शनची गुंतागुंत. सगळ्यात वाईट निघालं ते चौऱ्याहत्तरचं. दहाच्या वर गेलं की माणसाला डोक्यात धरता येत नाही, असं मी बैठकीत म्हणालो आणि दर सोमवारी भिंतीवर तक्ता लावू लागलो. दहापर्यंत हिरवा, पुढे लाल.

चार सोमवारांत तक्ता जवळजवळ सगळा हिरवा झाला. मी घरी जाऊन बायकोला कौतुकाने सांगितलं. मग एका सकाळी ते चौऱ्याहत्तरवालं फंक्शन उघडलं. ते कोणी सोपं केलंच नव्हतं. मोजणी दहाला टेकत आली की तिथे कात्री लावून उरलेलं पुढच्या फंक्शनात ढकललं होतं. भाग एक, भाग दोन, असे अकरा भाग. भाग सहामध्ये काय चाललंय ते भाग दोनमध्ये लावलेल्या खुणेवरून ओळखायचं. मी अकराही तुकड्यांची बेरीज केली. चौऱ्याण्णव. प्रत्येक तुकड्याला तो वरचा एक नव्याने मिळतो आणि खुणा तपासायला आणखी वाटा लागतात. गुंतागुंत वीसने वाढवून आम्ही हिरवा रंग मिळवला होता.

लाल ओळ एकच उरली होती, नागपूरहून आलेल्या एका मुलीची. तिला वर्ष पुरं होत होतं, कायम केल्याचं पत्र त्याच महिन्यात निघायचं होतं. एकसष्टच्या एका फंक्शनवर तिने तीन आठवडे घालवले होते. गोदामातल्या माणसांना मेल करून कुठले नियम बंद झालेत ते विचारलं, ते काढून टाकले, उरलेल्यांना धड नावं दिली आणि चौदावर आणलं. सुट्या भागांचे तेरा प्रकार, एकाखाली एक. परका माणूसही सरळ वाचत जाईल असं.

आमचा मॅनेजर चेन्नईचाच, माझ्याहून बारा वर्षांनी लहान. तो म्हणाला, "चौदा लाल आहे, सार. तिला कापायला सांगा."

"कापलं तर वाचता येणार नाही."

"वाचायला कोण येणार आहे? क्लायंट तक्त्यातला फक्त रंग बघतो."

"मग दहाची मर्यादा कशाला?"

"ती तुमचीच ना, सार!" आणि तो हसला. माझी कानशिलं तापली.

मी दुसऱ्या टीममधल्या एका अनुभवी बाईंना दोन्हीकडे एकेक लहानसा बदल करायला दिला आणि घड्याळ घेऊन शेजारी बसलो. मुलीच्या कोडमध्ये बावीस मिनिटं. अकरा भागांमध्ये दोन तास पन्नास मिनिटं, आणि बदल चुकीच्या भागात. वाचणारी एक, फंक्शनं वेगवेगळी. याला मी पुरावा म्हणणार नाही. तरी कागदावर लिहून मॅनेजरच्या टेबलावर ठेवलं. त्याने कागद उलटा केला आणि पाठीवर पुढच्या मीटिंगची वेळ लिहून घेतली.

वर मुलीचा फॉर्म माझ्याकडे सरकवला. त्यात एक रकाना होता: काम मर्यादेत आहे, हो किंवा नाही. 'नाही' लिहिलं तर तिचं पत्र सहा महिने पुढे. 'हो' लिहिलं तर ते खोटं. शेरा लिहायला जागा नव्हती.

घरी मी मॅनेजरला शिव्या घालत होतो. बायको भाजी निवडत ऐकत होती. "तक्ता कोणी लावला?" तिने विचारलं.

"मी."

"मग जरा हळू ओरडा. पोरगी अडकलीय ती तुमच्या आकड्यात."

फॉर्म तीन दिवस माझ्या खणात पडून राहिला. चौथ्या दिवशी कँटीनमध्ये ती दहीभाताचं ताट घेऊन समोर बसली. ऑफिसात कोणी मला नावाने हाक मारी, कोणी सार म्हणे, ती मात्र काका म्हणे.

"काका, भरा आता फॉर्म. कापलं मी."

"काय कापलंस?"

"सहा प्रकार इकडे, सात तिकडे. सात आणि आठ आलं. दोन्ही हिरवे."

"सहा इकडेच का?"

"काही नाही, मधोमध कापलं. दहा मिनिटं लागली." तिने भात कालवला. "तीन आठवडे उगाच घातले मी. आई दर रविवारी फोनवर विचारते, पत्र आलं का म्हणून. किती वेळा नाही सांगू?"

मी रकान्यात 'हो' लिहिलं. आता ते खरं होतं, आणि त्याचाच मला सगळ्यात जास्त संताप आला. पत्र त्याच आठवड्यात निघालं.

पुढच्या महिन्यात तिची चार फंक्शनं माझ्याकडे तपासायला आली. एकही तुकडा दहाच्या वर नव्हता. दुसऱ्या फंक्शनातल्या भाग तीनपर्यंत मी कसाबसा पोचलो आणि अडलो. तिला बोलावून विचारलं, "हे नेमकं करतं काय?"

ती स्क्रीनवर खाली गेली, वर आली, परत खाली गेली.

"थांबा हं काका," ती म्हणाली, "शोधून सांगते."